सेवा आपली, परवानाही आपल्याच नावावर हवा



मी बारा वर्षे ब्युरोतून पेशंटची ड्युटी केली. सकाळी आठ ते रात्री आठ. शेवटची ड्युटी एका टॉवरमधल्या आजींकडे होती. त्यांना अर्धांगवायू झालेला. दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवायचे, ओले कपडे लगेच बदलायचे, टाचांखाली उशी द्यायची, भरवताना पाठीला टेकू देऊन बसवायचे, भरवल्यावर अर्धा तास आडवे करायचे नाही. हे मी घड्याळ लावून केले. दोन वर्षांत त्यांच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही.

त्याच काळात माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या. मी सकाळी सातला घर सोडायची, रात्री नऊला परतायची. मधल्या वेळेत शेजारची शाळकरी मुलगी दोनदा येऊन पाणी पाजून जायची. तीन आठवड्यांत सासूबाईंच्या माकडहाडावर लाल चट्टा आला, मग तो फुटला, मग त्यात माझ्या हाताची मूठ मावेल एवढा खड्डा पडला. चार महिन्यांत त्या गेल्या. काय करायचे ते मला येत होते. पण माझे हात दुसऱ्याच्या घरी बारा तासांसाठी विकलेले होते, कारण घर त्या पैशावर चालत होते.

हे माझ्या एकटीचे नाही. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक गल्लीत एखादी तरी बाई आहे, जी कुठल्या तरी बंगल्यात, फ्लॅटमध्ये म्हाताऱ्या माणसाचे हगणे-मुतणे काढते. आणि प्रत्येक गल्लीत एक तरी म्हातारे माणूस आहे, ज्याचे करायला दिवसा घरात कोणी नाही. या दोन गोष्टी एकत्र ठेवून आपण कधी पाहिल्या नाहीत. त्या एकत्र पाहाव्यात म्हणून हा लेख.

आधी पैशाचे सांगते. आजींच्या घरून ब्युरो दिवसाला नऊशे रुपये घ्यायचा, माझ्या हाती सहाशे यायचे. पहिल्या महिन्याचे पंधरा दिवसांचे पैसे ‘अनामत’ म्हणून अडकवून ठेवलेले. नेमणुकीचे पत्र नाही, पगाराची पावती नाही. आजींना उचलताना कंबरेत लचक भरली, तेव्हा तिसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरी बाई गेली. बारा वर्षांनी अनुभवाचा दाखला मागितला तर उत्तर मिळाले, ‘तुम्ही आमच्या कामगार नाही, आम्ही फक्त ओळख करून देतो.’

ओळख करून देणाऱ्याला दिवसाचे तीनशे, आणि घाण काढणारीला दाखला नाही! त्यात काही घरांत आडनाव विचारून कप वेगळा ठेवतात. ज्या हाताने नाकातल्या नळीवाटे पेज द्यायची, अंग पुसायचे, तो हात चालतो, त्याच हाताचा चहा चालत नाही. बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४६ साली, कारखान्यातल्या कामगाराचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी कायद्याची दुरुस्ती झाली. आज आपल्या बाया आठवड्याला ७२ तास ड्युटी करतात, आणि चोवीस तासांच्या ड्युटीला तर मोजदादच नाही. कारण घर हा कारखाना नाही आणि आपण कामगार नाही.

आता परवान्याचा प्रश्न. रुग्णालय किंवा नर्सिंग होम काढायचे तर महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्याखाली नोंदणी लागते. नर्स व्हायचे तर एएनएम किंवा जीएनएम शिकून महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवावे लागते. पण तो १९४९ चा कायदा खाटा असलेल्या जागेचा आहे. जो ब्युरो माणूस थेट पेशंटच्या घरी पाठवतो, त्याने त्या माणसाला काय शिकवले, किती तास राबवले, काय पैसे दिले, हे तपासायला आलेला एकही अधिकारी मी बारा वर्षांत पाहिला नाही.

याचा त्रास फक्त बाईला होत नाही, पेशंटलाही होतो. काही न शिकवता पाठवलेली बाई झोपलेल्या माणसाला तसेच आडवे ठेवून भरवते, घास श्वासनळीत जातो आणि न्यूमोनिया होतो. लघवीची पिशवी कंबरेच्या वर टांगली तर लघवी उलटी फिरते आणि जंतुसंसर्ग होतो. घरचे लोक म्हणतात, ‘मावशी, तेवढे इंजेक्शन देऊन टाका,’ आणि मावशी नाही म्हणू शकत नाही. इंजेक्शन देणे, सलाईन लावणे, नळी घालणे हे नोंदणी झालेल्या नर्सचे काम आहे. काही बिघडले तर पोलिसांच्या तोंडी मावशीचे नाव येते, ब्युरोचे नाही. सुई टोचली तर कावीळ ब चा धोका मावशीलाच. त्या काविळीच्या लसीचे तीन डोस असतात. मला एकाही ब्युरोने ते घ्यायला सांगितले नाहीत.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे: घरी जाऊन सेवा देणाऱ्या प्रत्येक संस्थेला सरकारी परवाना सक्तीचा हवा. गरिबाच्या घरी दिलेल्या सेवेचा पैसा सरकारने द्यायला हवा. आणि तो परवाना आपल्या बायांच्या संस्थांच्या नावावर हवा.

कोणी म्हणेल, सरकार एवढे करते ना! काय करते ते पाहू. २०१०-११ मध्ये वृद्धांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांकडे उपकेंद्राच्या कर्मचाऱ्यांनी घरी जावे, असे त्यात लिहिले आहे. २०१२ मध्ये वेदनाशामक सेवेचा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचा, राष्ट्रीय कार्यक्रम आला. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते, पाच लाखांपर्यंत उपचार मोफत. हे कार्ड जरूर काढा. पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर चालते. माझ्या सासूबाईंना भरती होण्यासारखे काही नव्हते. त्यांना दर दोन तासांनी वळवणारे दोन हात हवे होते. त्या हातांची तरतूद त्या कार्डावर नाही.

हे होऊच शकत नाही, असे नाही. केरळमध्ये १९९० च्या दशकात कोझिकोडेहून सुरू झालेले काम गावोगावच्या स्वयंसेवकांनी वाढवले. २००८ साली त्या राज्याने पॅलिएटिव्ह केअरचे धोरण केले. आज तिथल्या ग्रामपंचायती आणि नगरपालिका या कामावर आपला निधी खर्च करतात. प्रशिक्षित नर्स गाडीतून घरी येते, जखम धुते, नळी बदलते, घरच्यांना शिकवून जाते.

जपानने तर एप्रिल २००० पासून यासाठी वेगळा विमाच काढला. चाळिशीनंतर प्रत्येक जण हप्ता भरतो, निम्मा पैसा सरकारी तिजोरीतून येतो. म्हाताऱ्या माणसाला किती मदत लागते ते तपासून ठरते, आणि खर्चाचा साधारण दहावा हिस्सा त्याने भरायचा. सेवा देणारी संस्था नोंदणीकृत असली पाहिजे, तिने प्रांताची मान्यता घेतली पाहिजे आणि दर सहा वर्षांनी ती मान्यता नव्याने मिळवली पाहिजे. मदतनिसाच्या पहिल्या प्रशिक्षणाचे तास ठरलेले आहेत, १३०. आणि ही मान्यता कंपन्यांप्रमाणे सहकारी संस्थांनाही मिळते. म्हणजे सरकारचा पैसा, सरकारची तपासणी आणि काम करणाऱ्यांची संस्था, हे तिन्ही एकत्र नांदू शकते.

आपल्या राज्यातच एक उदाहरण आहे. पुण्यातल्या कचरा वेचणाऱ्या बायांनी १९९३ मध्ये संघटना बांधली. त्यातल्या बहुसंख्य दलित समाजातल्या. पुढे त्यांनी ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था काढली आणि २००८ साली पुणे महानगरपालिकेशी करार केला. उकिरड्यावर वाकणारी बाई ओळखपत्र घालून दारोदार कचरा घ्यायला जाऊ लागली. कराराचे नूतनीकरण त्यांनाही भांडूनच मिळवावे लागले आहे, पण करारावर सही त्यांच्या संस्थेची आहे, कुठल्या ठेकेदाराची नाही. गुजरातमध्ये ‘सेवा’ संघटनेच्या आरोग्यसेविकांनी १९९० मध्येच आरोग्याची सहकारी संस्था नोंदवली. कचऱ्यात जे जमले ते रुग्णसेवेत का जमू नये?

माझ्या मताला एक आक्षेप आहे, आणि तो मला स्वतःलाच छळतो. परवाना म्हटले की अटी आल्या. दहावी पास हवी, अमुक फुटांचे कार्यालय हवे, लाखाची अनामत हवी. अशा अटी आल्या तर आपल्या बाया पहिल्याच फेरीत बाहेर, आणि मोठ्या कंपन्या आत. मग परवान्याचा कागद आपल्याविरुद्धच वापरला जाईल. हा धोका खरा आहे. पण परवाना नको म्हणून तो टळणार नाही. खासगी कंपन्या या धंद्यात आल्याच आहेत आणि आज ना उद्या नियम येणारच. नियम लिहिले जातात तेव्हा आपण तिथे असलो नाही, तर ते आपल्याला सोडूनच लिहिले जातील. म्हणून आपली मागणी आताच ठरलेली असावी. शिक्षणाच्या अटीऐवजी कामाचा अनुभव तपासून प्रमाणपत्र द्यावे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभव तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय आहेच, ती या कामाला सरसकट लागू करावी. बायांच्या सहकारी संस्थेला अनामत माफ असावी. ड्युटी आठ तासांची असावी. आणि वस्तीतल्या पेशंटचे काम त्या वस्तीतल्या संस्थेला आधी मिळावे.

मागणी करताना हात रिकामे नसावेत. आजपासून जमतील अशा चार गोष्टी सांगते.

पहिली, वही. येत्या रविवारी वंदनेनंतर विहारातच एक वही उघडा. एका पानावर वस्तीतल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांची यादी: वय, आजार, दिवसा घरी कोण असते. दुसऱ्या पानावर ड्युटी करणाऱ्या बायांची यादी: किती वर्षे, काय काय येते. वहीतली माहिती बाहेर चर्चेला जाऊ देऊ नका, कोणाचे आजारपण हा गप्पांचा विषय नाही.

दुसरी, महिला आरोग्य समिती. शहरी आरोग्य अभियानात वस्तीतल्या साधारण ५० ते १०० घरांमागे अशी समिती असते आणि तिला वर्षाला पाच हजार रुपयांचा निधी मिळतो. आपल्या वस्तीची समिती कोणती, तिच्यात कोण आहे, हे आशाताईंना विचारा. आपल्या बाया त्यात गेल्या पाहिजेत. यादी घेऊन पालिकेच्या आरोग्य केंद्रात जा आणि या घरांना भेट कधी देणार, असे लेखी विचारा.

तिसरी, शिक्षण. जनरल ड्युटी असिस्टंटचे सरकारमान्य प्रशिक्षण आहे. मात्र गल्लीतल्या क्लासला पैसे भरण्याआधी विचारा, प्रमाणपत्र कोणाचे? त्यावर राष्ट्रीय कौशल्य यंत्रणेची मान्यता नसेल तर तो नुसता रंगीत कागद. आणि हे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे नर्स झालो असे नाही, हेही लक्षात ठेवा. मुलगी बारावी असेल तर तिला एएनएम, जीएनएमकडे वळवा. परवाना घेताना संस्थेत नोंदणी झालेली एक तरी नर्स लागेल, ती आपली असावी.

चौथी, संस्था. महाराष्ट्रात वेगवेगळ्या कुटुंबांतल्या दहा जणी मिळून सहकारी संस्थेची नोंदणी मागू शकतात. वृद्धांची केंद्रे, फिरते दवाखाने यांसाठी केंद्राचा सामाजिक न्याय विभाग संस्थांना अनुदान देतो, पण त्यासाठी काही वर्षांचे काम आणि तपासलेले हिशेब दाखवावे लागतात. म्हणजे अनुदान मिळाल्यावर संस्था काढू, असे होत नाही. आधी संस्था, मग काम, मग हिशेब, मग हक्काने मागणी. सुरुवातीला टॉवरमधल्या घरांच्या ड्युट्या संस्थेनेच घ्याव्यात. ब्युरोच्या खिशात जाणाऱ्या त्या तीनशेतून वस्तीतल्या दोन पेशंटकडे रोज दोन तासांची बाई पाठवता येते. हिशेब मात्र दर महिन्याला विहाराच्या फळ्यावर लागला पाहिजे. हिशेब लपला की आपलीच संस्था दुसरा ब्युरो होईल.

मी आता ड्युटीला जात नाही, कंबर साथ देत नाही. पण माझ्या गल्लीची वही मी उघडली आहे. पहिल्या पानावर सात नावे आहेत, दुसऱ्या पानावर अकरा. सातांपैकी चौघांना दिवसा बघणारे कोणी नाही. अकरा जणींपैकी तिघी दुपारी दोन तास काढायला तयार झाल्या आहेत. ज्यांना कुशीवर वळवायचे कसे, जखम ओळखायची कशी हे शिकायचे असेल, त्यांनी दुपारी तीनला घरी यावे. सासूबाईंचा लोखंडी पलंग अजून आहे, त्यावरच मी शिकवते.