पगाराचे सॉफ्टवेअर घेताना



नाशिक रोडच्या आसपास आपल्यापैकी काहींनी पॅकिंग शेड, रोपवाटिका, शेतकरी कंपनी उभी केली आहे. माणसे वाढली की हजेरीपुस्तक अपुरे पडते आणि पगाराचे सॉफ्टवेअर विकणारा दारात येतो. तो दाखवील तेवढेच पाहून पैसे देऊ नका.

बियाण्याची उगवण आपण आधी तपासतो, तसेच इथेही करावे. मागच्या महिन्याची हजेरी त्याच्यापुढे ठेवा. रोजंदारी, क्रेटवरची मजुरी, आठवड्याची उचल, सारे त्यात बसते का? मग फेब्रुवारीचा पगार काढायला सांगा. दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषाचा व्यवसाय कर एरवी २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. महिलांना १ एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत तो माफ आहे. इथे चुकले तर पुढेही चुकेल.

सर्वसाधारणपणे २० माणसे झाली की भविष्य निर्वाह निधी लागू होतो. त्यात नाव किंवा खाते क्रमांक चुकला, तर निवडणीला बसणाऱ्या बाईच्या घामाचा पैसा अडकतो. चूक सॉफ्टवेअरची असली, तरी जबाबदारी मालकाचीच.

वर्षाचे भाडे आधी विचारा. सॉफ्टवेअर सोडले तरी सर्व नोंदी परत मिळतील, हे लेखी घ्या. पहिले दोन महिने हजेरीपुस्तक चालूच ठेवून दोन्ही बेरजा जुळवा.

आणि पगाराची चिठ्ठी मराठीत निघते ना, तेही पाहा. जिचा हिशेब, तिला तो वाचता आला पाहिजे.