उपकर पोचला, नाव राहिले

नवी मुंबईतल्या उलव्यात इमारत उभी करायची तर बिल्डरला सिडको या सरकारी नियोजन संस्थेची परवानगी लागते. त्या वेळी भराव्या लागणाऱ्या पैशांत एक बाब कामगारांसाठी असते. बांधकामाच्या खर्चाच्या १ टक्का. जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत. हा बांधकाम कामगार कल्याण उपकर. सिडको तो घेते आणि राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे पाठवते. बिल्डर तो पदरचा देत नाही, फ्लॅटच्या दरात धरतो. म्हणजे खारकोपरला किंवा बामणडोंगरीला कर्ज काढून घर घेणाऱ्याने आपला स्लॅब टाकणाऱ्यांसाठी पैसे मोजलेले आहेत.

आता स्लॅब टाकणाऱ्याकडे बघू. मंडळाचा लाभ हवा तर नोंदणी हवी. नोंदणीसाठी गेल्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा. नूतनीकरण दरवर्षी, म्हणून दाखलाही दरवर्षी. तो द्यायचा ठेकेदाराने, नाहीतर ग्रामसेवकाने किंवा पालिकेच्या अधिकाऱ्याने. सगळे अडते ते इथे.

ठेकेदार सही का करत नाही? कारण ती सही म्हणजे ‘हा माणूस माझ्याकडे कामाला होता’ अशी कबुली. एकदा हे लिहून दिले की पुढचे प्रश्न येतातच. किमान वेतन दिले का? भविष्य निर्वाह निधी भरला का? परांचीवरून पडला तेव्हा भरपाई कोणी दिली? ज्याचे हित गप्प राहण्यात आहे, त्याच्याकडेच कायद्याने पुरावा मागितला आहे.

पुरावा नसतो असे मात्र नाही. मुकादमाच्या खिशात हजेरीची वही असते. नावासमोर दिवसाची खूण, अर्ध्या दिवसाची वेगळी, खाडा असेल तर फुली. बाजूला उचल, त्याखाली आठवड्याची खर्ची. हिशेबाच्या दिवशी हीच वही उघडली जाते आणि तिच्यावरून पैसे कापले जातात. त्या वेळी तिच्याबद्दल कोणाला शंका नसते. नोंदणीच्या खिडकीवर मात्र ती चालत नाही. तिथे लेटरहेड लागते आणि त्यावर शिक्का लागतो.

नाक्यावरच्या माणसाचे आणखी कठीण. सकाळी डबा, थापी, ओळंबा घेऊन उभे राहायचे. आज एकाकडे प्लास्टर, उद्या दुसऱ्याकडे लादी, परवा काम नाही. वर्षभर राबूनही ९० दिवस कागदावर जुळवायचे तर त्याने किती ठेकेदारांची दारे झिजवायची? आणि त्या प्रत्येक दाराशी घालवलेला दिवस बुडीत रोजाचा. त्याच्यासोबत घमेली वाहणारी बायको तर पुष्कळदा वहीतही नसते. तिची हजेरी नवऱ्याच्या नावासमोर लागते.

उरला ग्रामसेवक. उलवे पनवेल महापालिकेच्या हद्दीत नाही. नोड सिडकोचा, आजूबाजूला गावांच्या ग्रामपंचायती. तिथल्या ग्रामसेवकाने ज्या टॉवरच्या आवारात कधी पाय ठेवला नाही, तिथल्या बिगाऱ्याचे दिवस कसे मोजायचे? त्याने नकार दिला तर त्याला दोष देता येत नाही. न पाहता सही केली तर बोगस नोंदणीला वाट मिळते. ती मिळालीच आहे. मग सरकार छाननी कडक करते. कडक छाननीतून दलालाकडून दाखला विकत घेतलेला माणूस सहज पार होतो, कारण त्याचे कागद पुरे असतात. अडकतो तो खरा बिगारी.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेने उपकराचा हिशेब बिल्डरवर सोपवला. बांधकाम पूर्ण झाल्यावर ६० दिवसांत त्याने स्वतःच आकारणी करून, आधी भरलेले वजा जाता उरलेली रक्कम भरायची. ९० दिवसांची अट तिथेही कायम आहे. कोट्यवधींच्या कामाचा खर्च किती झाला, याबद्दल बिल्डरचा शब्द आधी धरायचा. तीन महिने घमेली वाहिली की नाही, याबद्दल मजुराचा शब्द धरायचा नाही. मला यातला हा भेद सगळ्यांत जास्त खुपतो. पैसे कमी भरण्यात कोणाचा फायदा आहे, हे कायदा करणाऱ्यांना माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही.

पैसा तर येतोच आहे. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे देशभराचा आकडा आला. उपकरातून ३७,४०० कोटींहून अधिक जमा, त्यातले जेमतेम ९,५०० कोटी खर्ची पडलेले. त्यातही काही ठिकाणी लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन घेतल्याचे न्यायालयाने नोंदवले आणि संताप व्यक्त केला. आपल्या राज्यात पेट्या आणि भांड्यांचे संच वाटले गेले. त्यांच्यासोबतच्या सुरक्षा संचात हेल्मेट, बूट, पट्टा येतो. हे साहित्य देणे कायद्याने मालकाचे काम आहे. कल्याणाच्या पैशातून ते घेतले की वाचतो तो ठेकेदाराचा खर्च.

भांडी मिळाली नाहीत म्हणून कोणाचे घर बसत नाही. पण नोंदणी झालेला कामगार कामावर मेला तर त्याच्या वारसाला मंडळाकडून ५ लाख रुपये मिळतात. त्याच मजल्यावर, त्याच दिवशी, नोंदणी नसलेला कामगार मेला तर मंडळ काही देत नाही. दोघांनी उभारलेल्या इमारतीवरचा १ टक्का एकाच फाइलमधून गेलेला असतो. उपकर भरताना या दोघांत फरक केलेला नव्हता.

यावर उपाय शोधायला लांब जायला नको. उलव्याहून कळंबोलीचा लोखंड बाजार किंवा वाशीची बाजार समिती किती दूर आहे? तिथला माथाडी १९६९ च्या कायद्याखाली काम करतो. मालकाची नोंद मंडळात, कामगाराचीही मंडळात. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मालक मंडळात भरतो, मंडळ कामगाराला देते. माथाडी मंडळांतही गैरप्रकार झाले आहेत, ते झाकण्याचे कारण नाही. पण माथाडीला वर्षअखेरीस दारोदार फिरून ‘मी हमाली केली’ असा दाखला आणावा लागत नाही. पैसा येतो तो नावासकट. ब्रिटनमध्येही मोठा ठेकेदार नोंदणीकृत उपठेकेदाराच्या मजुरीतून २० टक्के कापून कर खात्यात भरतो, तेव्हा ती रक्कम त्या माणसाच्या नावावर जमा होते. आपला उपकर एवढाच निनावी का?

बिल्डर म्हणतील, माणसे रोज बदलतात, याद्या कुठून आणायच्या? ही सबब टिकणारी नाही. अनेक मोठ्या साइटवर आधार कार्डाची झेरॉक्स घेतल्याशिवाय गेटमधून आत सोडत नाहीत. इथल्याच नवी मुंबई विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झाले. एवढे मोठे काम आत कोण आले आणि कोण गेले याची नोंद न ठेवता झाले, असे कोणी म्हणेल का? बिल्डरला ही यादी चोरी पकडण्यासाठी हवी असते, उशिरा आलेल्याचा अर्धा रोज कापण्यासाठी हवी असते. मंडळाला देण्यापुरतीच ती सापडत नाही.

सिडकोकडे प्रत्येक इमारतीची फाइल असते. तिच्यात बिल्डरचे नाव असते, वास्तुविशारदाचे असते, स्ट्रक्चरल इंजिनिअरचे असते. जोत्याची तपासणी होते. भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी अग्निशमनाचा दाखला आणि लिफ्टचा परवाना पाहिला जातो. त्याच वेळी कामगारांची हजेरी मागावी: नाव, आधार क्रमांक, दिवस. ती थेट मंडळाकडे जावी आणि तिच्यावरून नोंदणी व्हावी. हजेरी नसेल तर भोगवटा नाही. यासाठी नवा कायदा लागेलच असे नाही. नगरविकास आणि कामगार या दोन खात्यांनी मिळून एक आदेश काढला तरी सुरुवात होईल. नाक्यावरच्या सुट्या कामांचा प्रश्न त्याने सुटणार नाही, त्यासाठी मंडळाच्या माणसाला सकाळी नाक्यावरच जाऊन नोंद करावी लागेल. टॉवरचा मात्र सुटेल. उलव्यात अजून कितीतरी प्लॉट रिकामे आहेत. पुढची परवानगी देताना सिडकोने ही अट घालावी.