हळू वाजव

नाताळ संपला की उपवासकाळ लागेपर्यंत वसईत लग्नांची दाटी असते. संध्याकाळी नंदाखालहून आगाशीकडे जा, नाहीतर गिरीजवरून सांडोरकडे या, वाड्यांच्या मागून कुठून तरी बँड ऐकू येतोच. बँडवाल्यांनी आधी काहीही वाजवलेलं असो, केक कापून झाला, टोस्ट झाला आणि नवरा-नवरी पहिल्या नाचाला उभे राहिले की बहुतेक वेळा एकच गाणं सुरू होतं. एल्विस प्रेस्लीचं ‘कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह’.

माझ्या मावसभावाच्या मुलीच्या लग्नात मी स्टेजच्या कडेला, सॅक्सोफोनवाल्या काकांच्या शेजारीच बसलो होतो. साठीचा माणूस. त्यांनी वाद्याच्या तोंडाची पातळ रीड काढली, जिभेवर ठेवून ओली केली, परत बसवली आणि बारीक स्क्रू अंगठ्याने आवळला. मग नवऱ्या मुलाकडे वाकून विचारलं, “एल्विसचं वाजवू की यूबीचं?”

मुलगा क्षणभर गोंधळला, मग नवरीकडे बघून म्हणाला, “यूबीचं, काका.” ड्रमवाल्याने मान डोलवली आणि गाणं सुरू झालं.

काकांचा तो प्रश्न घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात घोळत राहिला. गाणं एक, पण वाजवायच्या रीती दोन, आणि वसईतल्या बँडवाल्याला दोन्ही पाठ. कोणती कुणाला हवी, हे विचारायची त्याला सवय झालेली. एखादं गाणं दुसऱ्याने गायलं की आपण पटकन ‘नक्कल’ म्हणून मोकळे होतो. या गाण्याच्या बाबतीत तो शब्द मला मुळीच पटत नाही. कारण असं पाहिलं तर एल्विसचं गाणंही पहिलं नव्हेच.

त्याची चाल १७८४ सालची आहे. फ्रान्समध्ये राहणाऱ्या मार्तिनी नावाच्या संगीतकाराने ती बांधली. नाव इटालियन, पण माणूस मूळचा जर्मनीतल्या बव्हेरियाचा. गाण्याचं नाव ‘प्लेझिर दामूर’, शब्द फ्लोरियान या फ्रेंच लेखकाचे. जिच्यासाठी सगळं सोडलं तीच दुसऱ्याची झाली, अशा माणसाची ती तक्रार आहे. म्हणजे जे सूर आज आपल्याकडे नवरा-नवरीच्या पहिल्या नाचाला वाजतात, ते मुळात ताटातुटीचे. हे मला कळलं तेव्हा मी दोन्ही गाणी लागोपाठ लावून ऐकली. पहिल्या ओळीची चढण तीच, वळण तेच. फ्रेंच गाण्यात तो सूर वर जाऊन हताश होतो. एल्विसकडे तोच सूर वर जाऊन निवांत टेकतो.

बर्लिओझसारख्या मोठ्या संगीतकाराने १८५९ मध्ये त्या फ्रेंच गाण्याला ऑर्केस्ट्राचा साज चढवला. पुढे १९६१ मध्ये अमेरिकेत जोन बाएझने गिटारवर तेच गाणं जुन्या दुःखासकट गायलं. त्याच वर्षी, त्याच देशात, ह्यूगो पेरेटी, लुईजी क्रिएटोरे आणि जॉर्ज डेव्हिड वाइस या तिघांनी ती चाल घेतली, मधला अंतरा नवा रचला, शब्द पार बदलले आणि ‘ब्लू हवाई’ या सिनेमासाठी एल्विसच्या हातात गाणं दिलं.

सिनेमातला तो प्रसंग अनेकांच्या लक्षात नसतो. चांदण्यात नायिकेला मिठीत घेऊन एल्विस हे गात असेल, असंच वाटतं. पण तो गातो नायिकेच्या आजीसाठी. आजीचा वाढदिवस असतो, भेट म्हणून त्याने वाजणारी पेटी आणलेली असते. पेटीचं झाकण उघडतं, चाल सुरू होते आणि तिच्या बरोबरीने तो हलक्या आवाजात गायला लागतो. जगातल्या इतक्या जोडप्यांनी आपलं मानलेलं हे गाणं पडद्यावर पहिल्यांदा एका म्हातारीला मिळालं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

१९६२ च्या सुरुवातीला ते अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, इंग्लंडमध्ये पहिल्या. पुढे एल्विस आपले कार्यक्रम याच गाण्याने संपवू लागला. २६ जून १९७७ ला इंडियानापोलिसमध्ये त्याचा शेवटचा कार्यक्रम झाला, त्याचाही शेवट याच गाण्याने. दोन महिन्यांच्या आत तो गेला. मधल्या काळात अँडी विल्यम्सने १९७० मध्ये आणि स्टायलिस्टिक्सने १९७६ मध्ये हे गाणं पुन्हा इंग्लंडच्या पहिल्या पाचांत नेलं होतं.

माझे वडील चर्चच्या गायनमंडळात तबला वाजवायचे. आपल्या मराठी मिस्सेची गीतं पेटी-तबल्यावर गाणारी ती पिढी. इंग्रजी गाणी त्यांना शब्दांनी कळायची नाहीत, ठेक्याने कळायची. एल्विसचं हे गाणं रेडिओवर लागलं की जेवणाच्या टेबलावर त्यांची बोटं चालायची. “हा आपला दादरा आहे रे,” म्हणायचे. धा धिं ना, धा तिं ना. सहा मात्रांचा झोका. मग १९९३-९४ कडे आखातात कामाला असलेला माझा चुलतभाऊ सुट्टीवर येताना यूबी फोर्टीची कॅसेट घेऊन आला. वडिलांनी ऐकली, बोटं टेबलावर ठेवली आणि थांबवली. पुन्हा ऐकली. “यांनी याचा केरवा केला,” असं म्हणाले आणि हसले. त्यांना ते आवडलं होतं.

यूबी फोर्टी हा बर्मिंगहॅमच्या पोरांचा बँड. बेकारभत्त्यासाठी भरायच्या सरकारी फॉर्मचं नावच त्यांनी बँडला दिलं. गोऱ्यांची आणि काळ्यांची पोरं एकत्र येऊन जमैकाचा रेगे वाजवायची. रेगेत जोर ठोक्यावर पडत नाही, दोन ठोक्यांच्या मधल्या जागेवर पडतो. त्यामुळे पाय आपोआप हलतात. १९९३ मध्ये त्यांचं हे गाणं अमेरिकेत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, जिथे खुद्द एल्विस दुसऱ्यावर थांबला होता. सहा मात्रांत एकमेकांना धरून उभं राहावं लागतं, चारांत सगळा मांडव नाचू शकतो. आमच्या नवऱ्या मुलाला ‘यूबीचं’ हवं होतं, ते याचसाठी असणार.

नंतरही हे गाणं थांबलं नाही. २०१५ मध्ये हेली राइनहार्टने पियानोवर ते अगदी सावकाश गायलं. २०१८ च्या ‘क्रेझी रिच एशियन्स’ सिनेमात किना ग्रॅनिस गाते आणि नवरी चर्चच्या वाटेवर सोडलेल्या पाण्यातून चालत येते. हेलीचं मला मनापासून आवडतं, कारण ती प्रत्येक शब्दापाशी थांबून तो खरा आहे ना हे तपासून बघते असं वाटतं. हल्ली मोबाइलवर ऐकू येणारी कितीतरी रूपं मात्र नुसतीच संथ असतात. आवाज श्वासात बुडवला की भावना आली, असं गाणाऱ्याला वाटतं. सावकाश गाण्यासाठी आत काहीतरी साठलेलं असावं लागतं.

मराठीत नव्या नव्या आवाजांत जगायचं असं भाग्य कुठल्या गाण्याला लाभलं, तर ते ‘शुक्रतारा मंद वारा’ला. मंगेश पाडगांवकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, इंदूरचे अरुण दाते आणि मराठी मातृभाषा नसलेल्या सुधा मल्होत्रा. पुढे दाते तेच गाणं रंगमंचावर कितीतरी गायिकांबरोबर गायले. कार्यक्रमाचं नावही ‘शुक्रतारा’च, प्रयोग अडीच हजारांच्या वर. सोबतचा आवाज बदलला की दात्यांचाही सूर किंचित सरकायचा, समोरचा माणूस बदलला की आपलं बोलणं बदलतं तसा. २०१८ मध्ये दाते गेले. आज महाराष्ट्रातल्या कोणत्याही हौशी मंडळाच्या कार्यक्रमात एखादी बँकेतली बाई आणि एखादे निवृत्त मास्तर ते गाणं गातात, तेव्हा समोर बसलेल्यांना दाते आठवतात आणि स्वतःचं तरुणपणही.

आम्हा वसईकरांना तर जुनी गोष्ट नव्या हातांत नक्कल ठरत नाही, हे समजायला परक्या मुलखातली उदाहरणं लागूच नयेत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा इथल्या चर्चमधल्या घंटा देशावर गेल्या. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक वाईजवळ मेणवलीला. मेणवलीची घंटा मी कृष्णेच्या घाटावर उभं राहून पाहिली आहे. धातू तोच, नाद तोच, पण आता तो दुसऱ्या देवाच्या दारात घुमतो. त्या गावच्या माणसांना तो नाद परका वाटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी तो ऐकलाय.

तर त्या लग्नाचं सांगायचं राहिलं. यूबीचं गाणं झालं, सगळे नाचले, जेवणं झाली. दहाला वाद्यं थांबवायची होती. पावणेदहाला आत्या सावकाश चालत स्टेजकडे आली. माझी आत्या ब्याऐंशी वर्षांची, अजून लाल लुगडं नेसणारी. दोन वर्षांपूर्वी तिचे यजमान गेले. तिला इंग्रजी येत नाही. सॅक्सोफोनवाले काका वाद्य पेटीत ठेवायच्या बेतात होते. ती त्यांना म्हणाली, “बाळा, मघाचं ते पोरांचं गाणं परत वाजव. पण हळू वाजव.”

काकांनी तिच्याकडे पाहिलं. ड्रमवाल्याला हाताने थांब म्हणून खूण केली. रीड पुन्हा ओली केली आणि एकट्यानेच सुरू केलं. सहा मात्रांतलं, जुनं. मांडवात खुर्च्या उचलणारी पोरं उचलता उचलता थांबली. आत्या मांडवाच्या बांबूला एक हात लावून उभी होती, दुसऱ्या हाताची बोटं लुगड्याच्या पदरावर हळूहळू पडत होती. मी मोजलं. दादराच होता.