घरची डागडुजी : रंगाआधी बुरशी

उन्हाळा लागला की न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींना घर बाहेरून रंगवायची हुक्की येते. डबे येतात, शनिवारी शिडी लागते आणि उत्तरेच्या लाकडी भिंतीवरचे काळे ठिपके नव्या रंगाखाली तसेच दडपले जातात. थोड्याच दिवसांत ते पुन्हा डोकं वर काढतात. रंगाने बुरशी मरत नाही हो!

ती बुरशीच आहे की नुसता मळ, हे आधी पाहावे. डागावर ब्लीचचा थेंब टाका. दोनेक मिनिटांत डाग फिकटला तर बुरशी, काळाच राहिला तर मळ. बुरशी असल्यास एक भाग ब्लीच, तीन भाग पाणी आणि थोडी साबणपूड मऊ ब्रशने लावावी, पंधरा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवावे. हातमोजे आणि चष्मा हवाच. साबणात अमोनिया नाही ना, हे खोक्यावर वाचून घ्या. ब्लीच नि अमोनिया एकत्र आले की विषारी वायू होतो. इथे ‘चालतंय’ म्हणून चालत नाही. घर १९७८ पूर्वीचे असेल तर जुन्या रंगात शिसे असू शकते. तपासल्याशिवाय कोरडे घासू नका. ती धूळ अंगणात पडते आणि पोरं तिथंच खेळतात.

मग लाकूड खडखडीत वाळू द्यावे. जवसाच्या तेलातला रंग म्हणजे बुरशीला मेजवानीच. त्यापेक्षा बुरशीनाशक घातलेला अ‍ॅक्रिलिक लेटेक्स बरा. अर्थात ते औषधही पावसापाण्याने हळूहळू धुपतं.

म्हणून आम्ही म्हणतो, ओल कुठून येते ते शोधा. पन्हळ तुंबलीय का? झुडपं भिंतीला टेकलीत का? आणि आपलं स्वयंपाकघर! कुकरच्या शिट्ट्या, उकळता वरणभात, हिवाळ्यात आत वाळत घातलेले कपडे. ही वाफ भिंतीतून झिरपत थंडगार बाहेरच्या फळ्यांपर्यंत जाते, तिथे तिचं पाणी होतं आणि रंगाला फुगे येतात. रंगारी बिचारा फुकट शिव्या खातो! चुलीवरचे कित्येक पंखे वाफ गाळून पुन्हा खोलीतच सोडतात, न्हाणीघराचा पंखा कधीकधी नुसता माळ्यावर उघडतो. दोन्हींची हवा थेट घराबाहेर जाते का, हे रंगाचा डबा आणण्याआधी पाहावे.

रंगवताना सूर्य मावळायच्या दोनेक तास आधी ब्रश धुवून ठेवावा. ताज्या लेटेक्सवर दव पडलं की चमक जाते.