अठरा पूर्ण, खातं बंद

अठराव्या वाढदिवसानंतर आपल्याकडे पोरांना मतदान करता येतं, गिअरच्या गाडीचं लायसन काढता येतं, आणि बँकेतलं खातं बंद पडतं. पहिल्या दोन गोष्टींसाठी अर्ज करावा लागतो. तिसरी आपोआप होते.

नियमाशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगून टाकतो. (बँकेतले दोन नातेवाईक हा ब्लॉग वाचतात, लगेच फोन येईल.) खातं उघडलं तेव्हा सही आईची आणि फोटो दोन वेण्या घातलेल्या पोरीचा. ती सज्ञान झाली की नवी सही, नवा फोटो, नवे कागद हवेतच. नाहीतर तिच्या पैशावर काका-मामा सह्या ठोकत बसतील. तेव्हा कुलूप लागू द्या. ते न सांगता का लागतं आणि किल्ली शंभर ठिकाणी का शोधावी लागते, एवढंच माझं विचारणं आहे.

माझी भाची मूर्तिजापूर तालुक्यातली, शिकायला अमरावतीत. खातं पाचवीत असताना गावाजवळच्या शाखेत उघडलेलं, शिष्यवृत्तीसाठी. अठरा पूर्ण झाले आणि पुढच्याच महिन्यात शिष्यवृत्तीचा हप्ता जमा झाल्याचा मेसेज आला. पोरगी खुशीत एटीएमवर गेली, तर पैसे निघेनात. जमा होतात, निघत नाहीत! अमरावतीच्या शाखेत गेली, तर म्हणे खातं तिकडचं आहे, तिकडे जा. बडनेऱ्याहून गाडी धरून तिकडे गेली, तर म्हणे वडिलांना घेऊन या. खात्यावर पालक म्हणून नाव माझ्या बहिणीचं. ताई म्हणजे ताईच. "काऊन हो सायेब, खात्यावर नाव माहं, पोट्टी माही, आन् सही तिच्या बापाची कायले पाह्यजे?"

ताईला ठाऊक नव्हतं, पण ती कायद्यानेच बोलत होती. आईला पालक म्हणून मुलांची खाती उघडू द्या, असं रिझर्व्ह बँकेने १९७६ सालीच बँकांना सांगितलंय. पुढे गीता हरिहरन यांच्या खटल्यात १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही आईचं पालकत्व बापाच्या मरणाची वाट पाहत नाही, असा अर्थ लावला. तो खटलाही मुलाच्या नावाने रोखे घेताना आईची सही चालेना म्हणूनच उभा राहिला होता. असो.

मग पॅनकार्ड निघालं. त्यावर फोटो नाही म्हणून परत पाठवलं. अहो, अठराखालच्या मुलांच्या पॅनवर फोटो नसतोच! अठरानंतर तो अर्ज करून घालून घ्यायचा असतो. हे तिला पहिल्या फेरीतच सांगितलं असतं तर? तीन फेऱ्या झाल्या, कॉलेज बुडलं ते वेगळंच. मामा अमरावतीत होता म्हणून मेसचे पैसे भरले गेले. जिचा मामा अमरावतीत नाही, तिने काय करावं?

आता तिकडची गोष्ट ऐका. अमेरिकेत मुलांच्या ओळख क्रमांकावर चोर कर्ज काढतात आणि पोरगं मोठं झाल्यावर घरच्यांना कळतं. म्हणून २०१८ च्या कायद्याने सोळाखालच्या मुलांची क्रेडिट फाइल आईबापांना फुकट गोठवता येते. फाइल नसेल तर कंपनीने ती गोठवण्यापुरती तयार करायची. उघडायचं झालं की पुन्हा जन्मदाखला, ओळखपत्रं, तिन्ही कंपन्यांना वेगवेगळी. कटकट तिथेही आहेच. पण टपालाने अर्ज पोचल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत कुलूप काढलंच पाहिजे, हे कायद्यात लिहिलंय. आणि मुळात ते आईबापांनी मागितल्यावर लागतं.

आपल्याकडे अठराखालचा माणूस कायद्याच्या भाषेत 'अज्ञान'. त्याने केलेला करारच रद्दबातल, हे १९०३ च्या मोहोरी बीबी खटल्यापासून ठरलेलं. त्यामुळे आपलं कुलूप कर्जाला लागत नाही, बचतीला लागतं. म्हणजे स्वतःच्याच पैशाला!

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात सांगितलंय की मूल सज्ञान होताना काय काय लागेल ते बँकेने आधीच कळवावं. भाचीला ना मेसेज, ना पत्र. विम्याचे आणि कर्जाचे मेसेज मात्र त्याच बँकेकडून ताईला रोज येतात. त्या परिपत्रकात एक गोष्ट राहून गेली आहे. कागद दिल्यावर खातं किती दिवसांत सुरू करायचं, ते लिहिलेलं नाही. जून २०२५ मध्ये तर निष्क्रिय खाती कुठल्याही शाखेत सुरू करून द्या, असा आदेश निघाला. म्हणजे वर्षानुवर्षं झोपलेल्या खात्याला अमरावतीत जाग आणता येते, आणि ज्यात काल शिष्यवृत्ती आली त्याला मूर्तिजापूर गाठावं लागतं?

क्रेडिट रिपोर्टमधली तक्रार तीस दिवसांत निस्तरली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. तोच हिशेब इथे लावा. कागद घेतल्याची पोच द्या, सात दिवस घ्या, आठव्या दिवसापासून शंभर-शंभर पोरीच्या खात्यात टाका. मग बघा फोटो आणि सह्या किती झपाट्याने चढतात ते. जन्मतारीख काही बँकेपासून लपलेली नाही, खातं उघडलं त्या दिवसापासून त्यांच्याच कॉम्प्युटरात पडून आहे.

ताईचा धाकटा आता सतराचा आहे, खातं त्याच शाखेत. काय काय कागद लागतील ते लेखी द्या, असा अर्ज ताईने परवाच दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. साहेब म्हणाले, "एवढी घाई काय आहे?"