पहिल्या रविवारचे आमंत्रण

बंगळुरूच्या होसूर रस्त्यावरचे बोम्मसंद्रा म्हणजे कारखाने, मोठी रुग्णालये, आसपासची नर्सिंग-इंजिनिअरिंगची कॉलेजे आणि त्यांच्या जिवावर उभी राहिलेली पीजींची (पेइंग गेस्ट निवासांची) दाटी. 10 ऑगस्ट 2025 रोजी मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली, तिचे हे शेवटचे स्थानक. नव्या सत्रात इथे उतरणारी मुलगी सांगलीची असो की मणिपूरची, सुरुवातीचे काही आठवडे तिला कन्नड कळत नाही, सांबार गोड लागते आणि रविवारची दुपार खायला उठते. नेमके अशाच एखाद्या रविवारी कॉलेजातली सीनियर तिला जेवायला बोलावते. माणसे प्रेमळ असतात, गिटारवर गाणी होतात, आणि तासाभराने तिच्या ध्यानात येते की आपण उपासनेला बसलो आहोत. कोणी तिच्यावर बळजबरी केलेली नाही, खोटेही बोललेले नाही. फक्त एक गोष्ट आधी सांगायची राहून गेली.

मी ख्रिस्ती आहे. येशूची सुवार्ता इतरांना सांगणे हा माझ्या श्रद्धेचा गाभा आहे, आणि सज्ञान विद्यार्थ्याला ती सांगण्याचा हक्क मला सोडायचा नाही. पण समोरच्याला ‘नाही’ म्हणायला काहीही मोजावे लागत नसेल, तरच हा हक्क मला शोभतो. ती राहून गेलेली गोष्ट म्हणूनच मला किरकोळ वाटत नाही. ताट पुढे आल्यावर, नव्या ओळखींच्या घोळक्यातून उठून जाणे अठराव्या वर्षी किती जड जाते, हे बोलावणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

संविधानाच्या 25व्या अनुच्छेदात धर्माचे पालन आणि आचरण यांच्यासोबत ‘प्रसार’ हा शब्द आहे. तो असावा की नसावा यावर संविधान सभेत 6 डिसेंबर 1948 रोजी वाद झाला. तो ठेवावा असे म्हणणाऱ्यांत टी. टी. कृष्णम्माचारी होते, जे स्वतः ख्रिस्ती नव्हते. आपण सुमारे चौदा वर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकलो, पण आपल्याला बाटवण्याचा प्रयत्न कोणी केला नाही, असे त्यांनी सभागृहात सांगितले. आमच्या बाजूची ही मला सर्वांत भक्कम साक्ष वाटते. ज्याने आमच्या शाळांत वर्षे काढली आणि आमचा धर्म घेतला नाही, त्यानेच आमच्या हक्काची वकिली केली. त्याचे ‘नाही’ त्याला महाग पडले असते, तर तो हे बोलता ना. पुढे 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात प्रसार म्हणजे आपली तत्त्वे मांडणे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा अधिकार नव्हे, अशी रेघ ओढली. अनेक ख्रिस्ती मंडळींना ती रेघ खुपते. विद्यार्थ्यांपुरती तरी मला ती मान्य आहे. माझे काम मांडण्याचे, पुढचे ज्याचे त्याने ठरवायचे.

‘नाही’ महाग झाले की काय होते, हे महाराष्ट्राने 1843 मध्येच पाहिले आहे. मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांकडे शिकणारा नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहिला होता. तो अल्पवयीन, म्हणून न्यायालयाने त्याला बापाच्या हवाली केले. ते योग्यच झाले. पण घरी आलेल्या त्या पोराला जातीत घ्यायला जात तयार होईना. पत्रकार बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे असा आग्रह धरला, आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. या प्रकरणात मिशनऱ्यांची घाई दिसते, तशीच परतीची वाट बंद करणारी जातही दिसते. पोराच्या मनाला मोकळी जागा कोणीच ठेवली नव्हती, अपवाद जांभेकरांचा.

विद्यार्थ्यांना सुवार्ता सांगण्यावर आक्षेप येतो की घर सोडून आलेली मुले एकटी आणि हळवी असतात, तेव्हा त्यांच्याशी धर्माचे बोलूच नये. एकटेपणाची गोष्ट खरी आहे. म्हणून तर बोलणाऱ्याची जबाबदारी वाढते. तापाने फणफणलेल्या मुलीला डबा पोचवावा, फॉर्म भरायला मदत करावी, पण त्या डब्यासोबत पत्रक देऊ नये. मात्र जी मुलगी मत देऊ शकते, वॉर्डात रुग्णांची शुश्रूषा करायला शिकते आहे, तिला देवाविषयीचा प्रश्न झेपणार नाही असे म्हणणे हा तिचा अपमान आहे. कर्नाटकाच्या 2022 च्या धर्मांतरविरोधी कायद्याने तो लेखी केला. धर्म बदलू पाहणाऱ्याने 30 दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवावे, असे त्यात आहे. आणि बेकायदा ठरलेल्या धर्मांतराला वाढीव शिक्षा कोणाच्या बाबतीत, तर अल्पवयीनांच्या आणि त्यांच्याच रांगेत बसवलेल्या स्त्रियांच्याही. वयाने सज्ञान बाईला कायद्याने पोर ठरवले. जून 2023 मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने हा कायदा रद्द करण्याचा निर्णय घेतला, त्याचे मी स्वागतच करतो. फसवणूक आणि धाकदपटशा यांना साधा फौजदारी कायदा पुरतो. मनातल्या हालचालीची वर्दी सरकारी कचेरीत द्यायला लावणे हा संरक्षणाचा मार्ग नव्हे.

दुसरा आक्षेप आमच्याच मंडळीतून येतो आणि तो मला जास्त बोचतो. आधीच सगळे उघड सांगितले तर कोण येणार? पहिला महिना हातचा गेला तर ती मुले दुसऱ्या कुणाच्या गोतावळ्यात जातील. जातील, हे मी नाकारत नाही. पण शुभवर्तमानातला तो श्रीमंत तरुण आठवावा. येशूने त्याला अट स्पष्ट सांगितली, तो खिन्न होऊन निघून गेला, आणि येशू त्याच्या मागे धावला नाही, अटही सैल केली नाही. आणि मराठीतले आमचे सर्वांत मोठे नाव, कवी नारायण वामन टिळक? रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि तो आपल्या वाटेने गेला. पुढे टिळकांनी वाचले, शंका काढल्या, स्वतःशी झगडले, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तेव्हाही त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांच्या मागोमाग धर्म घेतला नाही; त्यांना आणखी काही वर्षे लागली, आणि ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचणाऱ्याला त्या वर्षांची किंमत कळते. अशी श्रद्धा पहिल्या महिन्याच्या घाईतून उगवत नाही.

आमंत्रणात सगळे आधीच सांगावे, हा नियम फक्त ख्रिस्ती मंडळींना लावून चालणार नाही. सत्संगाचे गट, विद्यार्थी संघटना, व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरे, सगळ्यांचीच नजर नव्या मुलांवर असते, आणि त्यांच्याही आमंत्रणात पुष्कळदा एक ओळ कमी असते. पण सुरुवात आम्ही करावी, कारण सत्य सांगायला निघालो आहोत असा दावा आमचा आहे. बोम्मसंद्राच्या पीजीत उद्या जो निरोप जाईल, त्यात एवढे तरी असावे: रविवारी अकरा वाजता ख्रिस्ती उपासना आहे, बायबलमधून संदेश होईल, नंतर जेवण, नुसते जेवायला यायचे असेल तर एक वाजता या.