द्राक्षांची तपासणी होते, दस्तरखानची का नाही?

एप्रिल २०२५मध्ये एक बातमी आली आणि दोन दिवसांत विसरलीही गेली. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘ई-बायोमेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापला. प्लास्टिक नरम करायला डीईएचपी नावाचं रसायन वापरतात. २०१८ या एका वर्षात ५५ ते ६४ वयाच्या लोकांचे जगभरातले सुमारे ३ लाख ५६ हजार हृदयविकाराचे मृत्यू या रसायनाशी जोडता येतात, असा त्यांचा अंदाज आहे. त्यातले सर्वांत जास्त, १ लाख ३ हजारांहून अधिक, एकट्या भारतातले.

हा अंदाज आहे. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं होत नाही, आणि तसा दावा संशोधकांनीही केलेला नाही. पण ५५ ते ६४ म्हणजे कोण? आपल्या घरातले अब्बू, अम्मी, मामू, खाला. म्हणून ही बातमी नीट समजून घ्यायला हवी.

हे रसायन आहे तरी काय?

डीईएचपी हे थॅलेट नावाच्या कुटुंबातलं एक रसायन. पीव्हीसी हे प्लास्टिक मुळात कडक असतं. घरातला पाण्याचा पाइप आठवा. त्याच पीव्हीसीचा रेनकोट, टेबलावरचं कव्हर, वायरचं आवरण किंवा सलाईनची नळी करायची तर ते नरम करावं लागतं. त्यासाठी थॅलेट घालतात, काही वस्तूंत तर वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं. कणकेत मोहन घालावं तसं ते नुसतं मिसळलेलं असतं, पक्कं बांधलेलं नसतं. म्हणून उष्णता, तेल, तूप किंवा घासणं लागलं की हळूहळू बाहेर येतं. अन्नातून पोटात जातं, घरातल्या धुळीतून श्वासात जातं.

शरीरात गेल्यावर ते संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करतं. सर्वांत जास्त काळजी पोटातल्या बाळाची आणि लहान मुलांची. २००५मध्ये अमेरिकेतल्या शॅना स्वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं दिसलं की गरोदर आईच्या शरीरात काही थॅलेटचं प्रमाण जास्त असेल, तर मुलग्यांच्या जननेंद्रियांच्या वाढीत फरक पडतो. पुढच्या अभ्यासांत शुक्राणूंची घट आणि वेळेआधी होणारी बाळंतपणं यांच्याशीही संबंध आढळला.

आपल्या घरात ते कुठे आहे?

इथे एक गैरसमज दूर करू या. सगळ्या प्लास्टिकमध्ये थॅलेट नसतं. वजूचा कडक बधना, पाण्याची बादली, दुधाची पिशवी यांना नरम करणाऱ्या रसायनाची गरजच नसते. साध्या पातळ पिशवीलाही खरं तर लागत नाही. पण पिशवी जुन्या, मिसळलेल्या प्लास्टिकची असेल, तर तिच्यात काय काय आलं हे दुकानदारालाही माहीत नसतं. त्यावरची छपाईची शाईही त्यात आलीच.

आता दस्तरखानकडे बघा. कापडाचा जाऊन फुलाफुलांचा प्लास्टिकचा आला, पुसायला सोपा म्हणून. मीटरवर मिळणाऱ्या नरम रोलपैकी बरेच पीव्हीसीचे असतात. त्यावर आपण गरम नान थेट ठेवतो, सालनाचं तेल सांडतं. उष्णता आणि तेल, दोन्ही एकाच जागी.

दुसरी वस्तू मुलांच्या कंपासमध्ये आहे. बाजारातले बरेच मऊ पांढरे खोडरबर रबराचे नसून पीव्हीसीचे असतात. वर्गात आम्ही रोज पाहतो, गणित अडलं की खोडरबर तोंडात.

तिसरी वस्तू अत्तर. स्वस्त अत्तर पातळ करायला डीईपी हे थॅलेट सर्रास वापरलं जातं. ‘अल्कोहोल नाही’ एवढं वाचून आपण समाधानी होतो, मग त्यात काय आहे हे विचारत नाही. डीईपी हे डीईएचपीइतकं घातक मानलं जात नाही, हे खरं. पण तान्ह्या बाळाच्या कपड्यांना रोज अत्तर लावायची गरज नाही, एवढं तर आपण ठरवू शकतो.

कायदा मायक्रॉन मोजतो

महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. पहिल्यांदा पकडलं तर ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार दंड आणि तीन महिने कैद. १ जुलै २०२२पासून केंद्रानेही एकदा वापरून फेकायच्या अनेक वस्तू बंद केल्या आणि त्याच वर्षाअखेर पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन केली. हे नियम चांगलेच आहेत. २६ जुलै २००५च्या मुंबईच्या पुरात पिशव्यांनी तुंबलेली गटारं सगळ्यांनी पाहिली आहेत.

पण हे नियम प्लास्टिककडे कचरा म्हणून बघतात. पिशवी किती जाड आहे हे मोजलं जातं, तिच्यात काय आहे हे नाही. आणि दंड कोणाला? रमजानमध्ये दूध बाजार, भद्रकालीत गाडी लावणाऱ्याला. ५ हजार म्हणजे त्याची कित्येक दिवसांची कमाई. ज्या कारखान्यातून माल निघाला तिथपर्यंत हात क्वचितच पोहोचतो.

रसायनांचे नियम अगदीच नाहीत असं नाही. अन्नाच्या पॅकिंगमधून किती डीईएचपी उतरू शकतं याची मर्यादा अन्नसुरक्षा प्राधिकरणाने घातली आहे. १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. त्याआधी २०१०मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने बाजारातली २४ खेळणी तपासली, तेव्हा जवळपास निम्म्यांत थॅलेट युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं होतं. पण खेळण्यांचा आदेश खेळण्यांपुरताच. खोडरबर आणि दस्तरखान त्याच्या बाहेर. गाडीवरच्या गरम पार्सलची पिशवी प्रयोगशाळेत कोण नेतो?

नाशिकला तपासणी नवी नाही

आपल्या जिल्ह्याची द्राक्षं युरोपला जातात. २०१०मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश जास्त निघाला म्हणून युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले आणि इथल्या बागाईतदारांचं दिवाळं निघायची वेळ आली. त्यानंतर तपासणी आणखी कडक झाली. आज निर्यातीचा माल कोणत्या बागेतला, त्यात कशाचा किती अंश, सगळं कागदावर असतं. म्हणजे प्रयोगशाळा आहेत, माणसं आहेत, पद्धत आहे. जर्मनीतल्या मुलाच्या ताटातल्या द्राक्षासाठी हे होऊ शकतं, तर वडाळ्यातल्या मुलाच्या ताटाखालच्या दस्तरखानसाठीही व्हायला हवं.

मालेगावचा विचारही यात आला पाहिजे. भंगार प्लास्टिक वेगळं करून, दळून गिट्टी करायची आणि त्यातून पाइप काढायचे, या धंद्यावर तिथली अनेक घरं चालतात. हा कचरा ते उचलतात म्हणून आपली गावं थोडी तरी मोकळी राहतात. पण मालात काय मिसळलंय हे त्यांना कोणी सांगत नाही. पीव्हीसी जळालं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायऑक्सिन निघतं, ते आधी त्यांच्याच छातीत जातं. म्हणून तिथे नुसती सीलची कारवाई करून भागणार नाही. मास्क, धूर खेचणारी यंत्रणा आणि पीव्हीसी वेगळं काढायचं शिक्षण द्यावं लागेल.

आता करायचं काय?

एक दिलाशाची गोष्ट आहे. थॅलेट शरीरात फार काळ राहत नाही, बहुतेक एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातं. म्हणजे आजपासून कमी केलं तर फायदाही लगेच. कापडाचा दस्तरखान पुन्हा काढा, निदान नानखाली कापड किंवा ताट ठेवा. रस्सा, निहारी, चहा आणायला घरून स्टीलचा डबा न्या. प्लास्टिकच्या डब्यात अन्न गरम करू नका. घरात गरोदर बाई आणि लहान मुलं असतील तर हे आधी करा.

बाकीचं काम घरातून होणार नाही. अन्न व औषध प्रशासन आणि नाशिक महापालिकेने येत्या रमजानआधी शहरातल्या पार्सलच्या पिशव्या, दस्तरखानचे रोल आणि खोडरबर यांचे नमुने तपासावेत आणि निकाल मराठी व उर्दूत जाहीर करावेत. ही मागणी मोहल्ला कमिट्यांनी, मशिदींच्या ट्रस्टनी आणि शाळांच्या पालक सभांनी लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि नगरसेवकांकडे पाठपुरावा करावा. आमच्या शिक्षक मंडळींनी तर पुढच्या पालक सभेतच हा विषय घ्यायला हरकत नाही.